मुलगी अमेरिकेत अकरावीत आहे. एपी स्कॉलर पुरस्कारासाठी वेगळा अर्ज करावा लागतो का?

नाही. एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) म्हणजे शाळेतच घेतलेले कॉलेजच्या पातळीचे विषय. मे महिन्यातल्या एपी परीक्षांचे गुण जुलैत लागतात, त्यावरून परीक्षा घेणारी संस्था, कॉलेज बोर्ड, स्वतःच ठरवते. गुण १ ते ५ असतात. तीन विषयांत ३ किंवा जास्त मिळाले की एपी स्कॉलर. 'विथ ऑनर'ला असे चार विषय आणि सरासरी ३.२५, 'विथ डिस्टिंक्शन'ला पाच विषय आणि सरासरी ३.५.

लोक इथेच फसतात: सरासरी दिलेल्या सगळ्या परीक्षांची धरतात, फक्त चांगल्या गेलेल्यांची नव्हे. समजा ४, ३, ३, ३ पडले, तर सरासरी बरोब्बर ३.२५, म्हणजे ऑनर. त्यातच हौसेने पाचवा विषय घेतला आणि २ आले, की सरासरी ३ वर. उरला नुसता स्कॉलर.

एपीचाच कॅपस्टोन डिप्लोमा वेगळा. त्यात सेमिनार आणि रिसर्च हे दोन एपी विषय आणि आणखी चार विषयांत किमान ३ लागतात, पण शाळेत तो कार्यक्रम असायला हवा.

स्कॉलर पुरस्काराबरोबर पैसे मिळत नाहीत. शिवाय बारावीच्या मे महिन्यातले गुण येईपर्यंत कॉलेजप्रवेश ठरलेले असतात, त्यामुळे अर्जात उपयोग फक्त अकरावीपर्यंतच्या परीक्षांचा. माझ्या मते पुरस्कारासाठी विषय वाढवू नका; ४-५ गुणांवर कॉलेजात क्रेडिट (म्हणजे तो विषय आधीच पूर्ण धरणं) मिळालं तर फी वाचते, ते आधी बघा.