वाचकांचे प्रश्न : आधी नियम, मग सैन्य

प्रश्न : आम्ही दोघे मित्र. जेवणाचे टेबल १२० × ७५ सेंमी आहे आणि रविवारी दुपारचे तीन तास मिळतात. सतराव्या शतकातल्या मराठे-मुघल चकमकी छोट्या फिगरांनी, म्हणजे शिपायांच्या चिमुकल्या बाहुल्यांनी, टेबलावर खेळायच्या आहेत. डीबीए, लायन रॅम्पंट आणि ब्लॅक पावडर या नियमपुस्तकांची नावे ऐकली. फिगर अजून घेतलेल्या नाहीत. कोणते नियम घ्यावेत?
(नौपाडा, ठाणे)

उत्तर : फिगर घेतल्या नाहीत हे फार बरे झाले. नियम बदलले की बेसचा (फिगर ज्यावर चिकटवतात त्या पट्टीचा) आकार आणि माणसांची संख्या दोन्ही बदलतात, आणि रंगवून चिकटवलेले शिपाई खरवडून काढताना घोट्यापाशी मोडतात.

आधी टेबल पाहा. ब्लॅक पावडरमध्ये पायदळाची एक चाल १२ इंचांची असते आणि हुकूम चांगला लागला तर एकाच पाळीत तीन चाली मिळतात. ३६ इंच म्हणजे ९१ सेंमी. तुमचे टेबल ७५ सेंमी खोल, म्हणजे पहिल्याच पाळीत पलटण समोरच्याच्या मांडीवर! शिवाय ते नियम १७०० ते १९०० या काळासाठी लिहिले आहेत आणि एका बाजूला दीडशे-दोनशे फिगर सहज लागतात. डीबीए टेबलाच्या हिशेबाने अगदी सोयीचे : १५ मिमी उंचीच्या फिगरांसाठी ६० × ६० सेंमी जागा, प्रत्येकी १२ बेस, तासाभरात निकाल. पण त्यांच्या सैन्यांच्या याद्या साधारण इ.स. १५०० पाशी थांबतात, आणि बंदुका व जंबुरे (उंटावरच्या हलक्या तोफा) त्यात ओढूनताणून बसवण्यात अर्थ नाही.

लायन रॅम्पंट मध्ययुगासाठी आहे. त्याच पद्धतीवर, पण सतराव्या शतकासाठी बेतलेले नियम म्हणजे द पाइकमन्स लॅमेंट. आमचा कौल त्यालाच. २४ गुणांचे सैन्य (प्रत्येक तुकडीची किंमत गुणांत ठरलेली असते), तुकडी ६ किंवा १२ फिगरांची, एकूण साधारण पन्नास माणसे. युरोपातल्या लांब भाल्यांच्या पलटणी गाळा, बंदूकधारी आणि स्वार ठेवा. अंतरे इंचांत दिलेली आहेत. १५ मिमी फिगर वापरा आणि एका इंचाला दीड सेंमी धरा : सहा × चार फुटांचे मैदान १०८ × ७२ सेंमी होते आणि तुमच्या टेबलावर नेमके मावते.

या नियमांचा गाभा फाशांच्या एका फेकीत आहे. प्रत्येक तुकडीला हलवताना दोन फासे टाकायचे आणि ठरलेला आकडा गाठायचा. चुकला की तुमची पाळी तिथेच संपली. ७ गाठायचे असतील तर ते ३६ पैकी २१ वेळा जमते, म्हणजे ५८ टक्के. सलग तीन तुकड्या ७ वर हलवायच्या म्हटल्या तर पाच पाळ्यांतून एकदाच साधते. नवा खेळाडू इथे वैतागतो, कारण तो डावीकडून उजवीकडे क्रमाने तुकड्या हलवत जातो. सर्वांत निकडीची तुकडी आधी हलवा. खिंडीत अडकलेले स्वार बाहेर काढायचे की दबा धरलेल्या बंदूकधाऱ्यांना बार काढायला लावायचे, हा प्रश्न प्रत्येक पाळीत पडतो. विखुरलेल्या टोळ्यांच्या गनिमी लढाईला हे शोभते.

तरीही पैसे काढण्याआधी पुठ्ठ्यावर खेळून पाहा. जुन्या जाड लग्नपत्रिका कापा : प्रत्येकी सहा तुकड्या, ६ × ३ सेंमी, पुढची कड लाल पेनाने रंगवलेली. पुस्तके रचून डोंगर करा. तीन डाव खेळा आणि दोनच गोष्टी टिपा. पुस्तक किती वेळा उघडावे लागले? आणि एक जण खेळत असताना दुसरा किती वेळ नुसता बसला? तिसऱ्या डावातही पुस्तक दहा-बारा वेळा उघडत असेल तर ते नियम तुमच्या तीन तासांचे नाहीत.

प्रश्न : आमचा चौघांचा गट आहे. पानिपतची लढाई अख्खी खेळायची इच्छा आहे. नियम तपशीलवार हवेत, म्हणजे प्रत्येक पलटणीची रांग, बार, संगीन सगळे दिसेल. असे नियम कोणते?
(वाशी, नवी मुंबई)

उत्तर : अख्खे पानिपत आणि प्रत्येक पलटणीची संगीन या दोन इच्छा एकाच दुपारी पुऱ्या होत नाहीत. आधी तुम्ही कोणाच्या जागी बसणार ते ठरवा. सदाशिवरावभाऊंच्या जागी बसलात तर कोणती पलटण रांगेत आणि कोणती स्तंभात हे तुमच्या हातात नसावे. तुमच्यापुढचे प्रश्न वेगळे : घोडदळ केव्हा सोडायचे, हुजुरात (खाशांची राखीव फौज) कुठवर राखायची, आणि दिलेला हुकूम पाळला जाईल का. १४ जानेवारी १७६१ ला इब्राहिमखान गारद्याचे पायदळ नेटाने लढत असताना शेजारच्या स्वारांनी घाईने पुढे घुसून त्याच्या तोफांची वाट अडवली, असे सांगितले जाते. जे नियम तुम्हाला प्रत्येक तुकडी हवी तशी हलवू देतात, त्यांत ही गोष्ट घडूच शकत नाही.

म्हणून तपशिलापेक्षा हुकमाची यंत्रणा पाहा. ब्लॅक पावडर इथे कामी येईल, कारण तुम्ही चौघे आहात आणि एकेकाला एकेक फौज वाटून देता येते. हुकूम आधी मोठ्याने बोलायचा, मग दोन फासे टाकायचे. फाशांची बेरीज सरदाराच्या दर्जाएवढी किंवा त्याहून कमी यावी लागते, आणि जितकी कमी तितक्या चाली जास्त. दर्जा ८ असेल तर ३६ पैकी १० वेळा काहीच हलत नाही, ११ वेळा एक चाल, ५ वेळा दोन आणि १० वेळा तीन चाली मिळतात. दोन्ही फाशांवर सहा आले तर फौज भलतेच काही करू शकते. हुकूम नीट न बोलता फासे टाकण्याची सवय लागली की हे नियम पांगळे होतात, कारण आकडा पाहून हेतू बदलता येतो. या बाबतीत कडक राहा. टेबल लहान असेल तर इंचांच्या जागी सरळ सेंटीमीटर धरा आणि ६ किंवा १० मिमी फिगर घ्या.

मात्र पहिला डाव पानिपतचा नको. नियम पारखायचे तर एखाद्या लढाईतला एकच निर्णायक क्षण मांडून बघा. २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या लढाईत इंग्रज सेनापती वेलस्लीने कैलना नदी ओलांडली, तेव्हा शिंद्यांच्या कवायती पायदळाने आपली आघाडी वळवून एक टोक नदीला आणि दुसरे असई गावाला टेकवले. शत्रू येत असताना एवढी मोठी रांग वळवणे ही शिस्तीची कमाल होती. तुमच्या नियमांत चांगल्या कवायती पलटणी हे दोन-तीन पाळ्यांत करू शकतात का? आणि बेशिस्त जमाव तेच करायला गेला तर फसतो का? दोन्हींना सारखेच सोपे जात असेल तर ते पुस्तक या काळासाठी बाजूला ठेवा.

प्रश्न : नियम पुढे बदलले तर बेस पुन्हा करावे लागू नयेत म्हणून काय करावे?
(ऐरोली)

उत्तर : १५ मिमीसाठी ४० मिमी रुंदीचा बेस धरा, बरेच नियम त्यावर चालतात. २८ मिमीच्या फिगर एकेकट्या २५ मिमी गोल बेसवर लावा आणि मोठ्या लढाईसाठी खाचांचे ट्रे करा. बेसखाली चुंबकी शीट चिकटवली की पत्र्याचा बिस्किटाचा डबाच वाहतुकीची पेटी होतो. दोन्ही सैन्यांच्या बेसची रुंदी एकच असली की पुस्तकातल्या मापाशी मिलिमीटरने जुळवत बसू नका.

प्रश्न : दर डावात वाद होतात. तुकडी कोपऱ्याने लागली, अर्धीच टेकडीवर आहे, वगैरे.
(कळवा)

उत्तर : डावाआधी तीन गोष्टी कागदावर लिहा : माप बेसच्या कोणत्या कडेपासून घ्यायचे, अर्धी तुकडी झाडीत असेल तर ती आत धरायची की बाहेर, आणि टेकडीची कड नेमकी कुठे. टेकडीभोवती सुतळी ठेवली तर तिसरा वाद उरतच नाही. डाव चालू असताना अडले तर फासा टाका, ४ ते ६ आले तर मागणाऱ्याचे खरे, आणि पुढे चला. पुस्तक डाव संपल्यावर उघडा. घरचा नियम घालायचा असेल तर एका वेळी एकच बदला. दोन बदललेत तर डाव बिघडला कशाने ते कळणार नाही.