न्हाव्यालाही विचार

चि.स,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या संगीतकारांच्या आठवणी लोकांकडून ध्वनिमुद्रित करण्यासाठी केलेली तुझी प्रश्नावली वाचली. पहिलाच प्रश्न आहे, ‘त्यांच्या संगीतातलं मराठीपण तुम्हाला कुठे जाणवतं?’ तो आधी खोड. यावर लोक तुला गौरवग्रंथातली वाक्यं ऐकवतील, आणि तीही तासभर.

चार्ल्स आइव्हज या अमेरिकन संगीतकाराचं नाव तुझ्या कानावरून गेलं असेल. जन्म १८७४, अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधलं डॅनबरी गाव. वडील बँडमास्तर. पोरांना एका पट्टीत गायला लावायचे आणि आपण साथ भलत्याच पट्टीत करायचे, कान तयार व्हावा म्हणून. पुढे येल विद्यापीठात गुरू मिळाले होरेशियो पार्कर, ते जर्मनीतल्या म्युनिकला शिकून आलेले. त्यामुळे आइव्हजच्या दुसऱ्या सिंफनीत (सिंफनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीची रचना) प्रार्थनागीतं आणि देशभक्तीची गाणी सापडतात, तसे जर्मन संगीतकार ब्राम्सचे तुकडेही सापडतात. ‘अस्सल अमेरिकन संगीतकार’ हा शिक्का लोकांनी नंतर मारला. हयातीतली बरीच वर्षं हा माणूस न्यूयॉर्कमध्ये विम्याचा धंदा करत होता, आणि धंद्यात चांगला नावाजलेलाही होता. तिसऱ्या सिंफनीला १९४७ साली पुलित्झर पारितोषिक मिळालं तेव्हा नवी रचना करणं सोडून त्याला वीसेक वर्षं झाली होती.

१९६८ साली येलच्या संगीत ग्रंथालयात काम करणाऱ्या व्हिव्हियन पर्लिस आइव्हजचे विम्यातले भागीदार ज्युलियन मिरिक यांच्याकडे काही कागदपत्रं आणायला गेल्या. जाताना टेपरेकॉर्डर बरोबर नेला. तिथून आइव्हजला ओळखणाऱ्यांच्या आठवणी टेपवर घेण्याचं जे काम सुरू झालं त्यात पुतणे आले, ऑफिसातली माणसं आली, वादक-संगीतकार आले, गावचा न्हावीसुद्धा आला. मला विचारशील तर या कामातली खरी हुशारी न्हाव्यापर्यंत जाण्यात आहे. त्याला सिंफनीबद्दल मत देण्याची गरज वाटत नाही. माणूस खुर्चीत कसा बसायचा, एवढं तो सांगतो.

आता जरा अवघड भाग. १९५१ मध्ये वाद्यवृंदाचे संचालक लिओनार्ड बर्नस्टाइननं आइव्हजची दुसरी सिंफनी पहिल्यांदा सादर केली. रचना होऊन तोवर चाळीसेक वर्षं उलटली होती. म्हातारा आइव्हज कार्यक्रमाला गेला नाही, पुढे ती रेडिओवर ऐकली. प्रसिद्ध झालेली गोष्ट अशी की स्वयंपाकघरातल्या रेडिओवर ऐकून तो आनंदानं नाचला. शेजारच्या बाई वेगळंच सांगतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तो त्यांच्या घरी येऊन गप्प बसून ऐकत होता, संपल्यावर उठला, शेकोटीत थुंकला आणि एक शब्द न बोलता स्वयंपाकघरात गेला. असे दोन जबाब तुझ्याकडे आले तर मधला मार्ग काढून तिसरी गोष्ट रचू नकोस. दोन्ही ठेव, आणि कोण कुठे बसून बघत होतं तेही लिही. (थुंकणं रागाचं की समाधानाचं, हे ठरवायचीही घाई नको.)

एलियट कार्टर हे संगीतकार तर आइव्हजचे लाडके. तरुणपणी त्यांनी आइव्हजला जुन्या रचनेत नव्यानं विसंवादी स्वर भरताना पाहिलं होतं, आणि पर्लिसना दिलेल्या मुलाखतीत ते सरळ सांगून टाकलं. म्हणजे रचनेतला नवेपणा मागाहून भरलेला असू शकतो. काळाच्या आधी जन्मलेला अमेरिकन, या प्रतिमेलाच त्यानं धक्का बसला. १९८७ मध्ये संगीताचे अभ्यासक मेनार्ड सॉलोमन यांनी रचनांच्या तारखांवर शंका घेतली तेव्हा कार्टरांची ही आठवण पुराव्यात आली. पुढे हस्तलिखितांचे कागद आणि अक्षर तपासून बऱ्याच तारखा खऱ्या ठरल्या, ही गोष्ट निराळी. पण पर्लिसनी ती आठवण गाळली असती तर तपासायला कोण बसलं असतं? तुझ्या संगीतकारांचे चिरंजीव ‘एवढं तेवढं काढून टाका’ म्हणतील. छापायचं की नाही हे नंतर बघू, मूळ ध्वनिमुद्रणाला मात्र कात्री लावू नकोस.

यादी तू मोठ्या नावांपासून लावली आहेस. ती वयानं लाव. मिरिक पहिल्या भेटीनंतर पुढच्याच वर्षी गेले. तुझ्या यादीत तळाला पेटी दुरुस्त करणारे आहेत ना, त्यांच्याकडे याच रविवारी जा. बोलताना पंखा बंद ठेव, आणि पेटी उघडून दाखवायला सांग.

तुझा,
काका