'साउथ पार्क' या अमेरिकी कार्टून मालिकेतला केनी हा मुलगा मेल्यावर पुढच्या भागात परत कसा येतो?

सुरुवातीला याला काही कारणच नव्हतं, निव्वळ गंमत. १९९७ पासून पहिल्या पाच सीझनमध्ये केनी जवळजवळ दर भागात मरायचा आणि पुढच्या वेळी काही घडलंच नाही अशा थाटात हजर! २००१ मध्ये त्याला आजारपणात 'कायमचं' मारलं, पण २००२ च्या नाताळच्या भागात स्वारी परत.

खरं उत्तर २०१० च्या मिस्टेरियनच्या (केनीच्या सुपरहिरो रूपाच्या) भागांत आहे. केनीला प्रत्येक मरण आठवतं, बाकीचे साफ विसरतात. आई त्याला दर वेळी नव्याने जन्म देते. याचा संबंध कथुलू या काल्पनिक राक्षसी देवाच्या पंथाशी. आईवडील त्या पंथाच्या बैठकांना का जायचे, तर फुकटच्या बिअरसाठी! 'मला मरण आठवतं' म्हणून तो मित्रांवर चिडतो, तो प्रसंग मात्र हसू थांबवतो.