वणवा विझवायला जाणारा मुलगा

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा बारावी झाला, ‘नीट’मध्ये गुण कमी पडले, पुन्हा परीक्षा द्यायला तो तयार नाही. उन्हाळ्यात गावातल्या पोरांबरोबर वणवा विझवायला जातो आणि वनरक्षक व्हायचं म्हणतो. तुम्ही विचारता, ‘पावसाळ्यात जंगल पुन्हा हिरवं होतंच, त्यासाठी आयुष्य घालवायचं? लोकांना काय सांगू?’

त्याच्या गुणांपेक्षा या शेवटच्या तीन शब्दांनी मला अस्वस्थ केलं. दोन पानी पत्रात मुलाचं म्हणणं एका ओळीत, तेही तक्रारीच्या सुरात. लोकांसाठी त्याला पुन्हा ‘नीट’ला बसवू नका. मनाविरुद्ध वर्ष काढलेली मुलं माझ्यासमोर येतात, तेव्हा आपल्याला काय आवडत होतं हेसुद्धा त्यांना चटकन सांगता येत नाही.

आता ‘पुन्हा हिरवं होतंच’ याबद्दल. आपल्याकडच्या पानझडी जंगलात वणवा बहुधा जमिनीलगत पालापाचोळ्यातून सरकतो. मोठा साग तगतो, पावसात पालवतो आणि आपली फसगत होते. जळालेली असतात ती रोपं, म्हणजे जंगलाची पुढची पिढी. शिवाय देशाच्या वनांत साठलेल्या कार्बनपैकी निम्म्याहून जास्त कार्बन मातीत आहे. वर्षानुवर्षं पाचोळा जळाला, तर त्या मातीत भर कुठून पडणार? आणि हे वणवे बहुतेक माणसाच्या हातूनच लागतात. मोहफुलं वेचायला झाडाखालची जागा साफ करताना, तेंदूला नवी पानं फुटावीत म्हणून. त्यामुळे खरं काम आग लागण्याआधीचं: वेळेत जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून पाचोळा काढून मोकळे केलेले पट्टे, काढणं, मोहफुलं वेचणाऱ्या बायांशी, तेंदूच्या मजुरांशी बोलणं. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आग टिपून मोबाइलवर इशारा पाठवते, पण त्या चित्रातला एक ठिपका म्हणजे सुमारे 375 मीटरचा चौकोन. आत नेमकं कुठे पेटलंय, वारा कुठे वळतोय, हे बीटवरचा, म्हणजे नेमून दिलेल्या भागात फिरणारा, वनरक्षक आणि गावकरीच जाणतात. तुमचा मुलगा आज तेच शिकतोय.

त्याच्याशीही माझं एका बाबतीत पटत नाही. बारावीवर थेट भरतीला उतरण्याची घाई नको. दापोली किंवा अकोल्याला वनविद्येची पदवी घ्यावी. मग एमपीएससीतून वनक्षेत्रपाल, यूपीएससीतून भारतीय वनसेवा, दोन्ही वाटा खुल्या राहतात. वनसेवेच्या चाचणीत पुरुषांना चार तासांत 25 किलोमीटर चालावं लागतं. त्याची धास्ती त्याला नसावी. पदवीनंतरही वनरक्षकच व्हावंसं वाटलं, तर होऊ द्या. ते काम कमी प्रतीचं मुळीच नाही.

पुढचं पत्र मात्र त्याला लिहू द्या. कोणते वणवे पाहिले, ते कुठून लागले, कसे आटोक्यात आले, सगळं लिहायला सांगा. तुम्हीही ते पाठवण्याआधी एकदा वाचा.