जुलैतली वाई बघा, मग ठरवा

प्रश्न : ताई, स. न. वि. वि. मी ६३ वर्षांचा, डोंबिवलीत राहतो. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. इथल्या गर्दीला आणि धुळीला आता कंटाळलो आहे. गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं चार दिवस वाईला राहून आलो आणि जीव रमला. तिथेच दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यावा असं मनात आहे. मी हवामान, करमणूक आणि सुरक्षितता असे तीन रकाने आखून दहापैकी गुण दिले. वाईला ९, ८ आणि ९ मिळाले. रात्री नऊ वाजता बायका घाटावर निवांत बसलेल्या पाहिल्या, म्हणून सुरक्षिततेला ९ दिले. पत्नीला दमा आहे, गुडघेही दुखतात. मुलगा हिंजवडीला असतो, तो म्हणतो घाई करू नका. तुम्ही मुंबई सोडून वाईला गेलात, म्हणून विचारतो. माझे गुण बरोबर आहेत का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : भाऊ, मला इथे येऊन अकरा वर्षं झाली. त्याआधी ३४ वर्षं मुंबईत रुग्णालयात सिस्टर होते. त्यामुळे कुठलंही घर बघायला गेले की माझी नजर आधी जिन्याचा कठडा, न्हाणीघराची फरशी आणि रात्री गाडी दारापर्यंत येईल का, याकडे जाते. वाईवर माझा जीव आहे आणि तुम्ही यावं असंच मला वाटतं. पण तुमचे गुण मला मान्य नाहीत. ते वाईचे नाहीत, डिसेंबरातल्या चार दिवसांचे आहेत.

हवेपासून सुरुवात करते, कारण वहिनींना दमा आहे. महाबळेश्वरच्या वाटेवर म्हणून वाईला लोक थंड हवेचं गाव समजतात. पण पाचगणी आहे १,३०० मीटरच्या आसपास उंचीवर, आणि वाई पसरणी घाटाच्या पायथ्याशी, सातशेच्या आसपास. एप्रिल-मेची दुपार इथे चांगलीच भाजते. पावसाचं उलटं आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पाचगणीला त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा, आणि वाईत त्याहूनही कमी, कारण ढग वरच रिते होतात. त्यामुळे दलाल तुम्हाला सांगेल, ‘आपल्याकडं पाऊस बेताचाच.’ ते खरंच आहे. पण पाऊस बेताचा असला तरी आभाळ झाकलेलंच असतं. आठ-आठ दिवस बुरबुर चालते, ऊन पडत नाही, दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही दमट लागतात.

आमचं पहिलं घर नदीच्या बाजूला, तळमजल्यावर, भाड्याचं होतं. जानेवारीत पाहिलं, तेव्हा भिंती नुकत्याच रंगवलेल्या आणि कोरड्या ठणठणीत. ऑगस्टमध्ये सुई शोधायला म्हणून लोखंडी कपाट पुढे ओढलं, तर मागे जमिनीपासून कमरेपर्यंत बुरशीचा काळपट हिरवा पट्टा. तळहात टेकवला तर रंगाचा पापुद्रा ओल्या पिठासारखा हाताला चिकटून आला. यांचा खोकला जूनपासून हटत नव्हता. मी, इतकी वर्षं रुग्णांची छाती ऐकलेली बाई, गरम पाणी आणि मधावर दिवस काढत होते. खोकल्याचं मूळ त्या भिंतीत होतं. दिवाळीत दुसऱ्या मजल्यावर, पूर्वेला खिडक्या असलेल्या घरात आलो आणि महिन्याभरात खोकला गेला. बुरशीने दमा उसळतो, भाऊ. म्हणून फ्लॅट बघताना कपाट हलवायला सांगा, संकोच करू नका. हिवाळ्यातही थोडं जपावं लागेल. गावाभोवती डोंगर आहेत, त्यामुळे पहाटे चुलींचा आणि शेकोट्यांचा धूर खालीच दाटून राहतो. वहिनींनी फिरायला जायचं ते ऊन पडल्यावर.

आता सुरक्षितता. रात्री घाटावर बायका बसतात, हे तुम्ही बरोबर पाहिलंत. मीही बसते. पण आपल्या वयाला चोरापेक्षा पाणी, निसरडी पायरी आणि अडकलेला रस्ता यांची भीती जास्त. ढोल्या गणपतीच्या देवळाला मागून प्रदक्षिणा घातलीत का? नसेल तर पुढच्या खेपेला घाला. रास्त्यांनी १७६२ मध्ये ते बांधलं. मागची भिंत माशाच्या आकाराची, पुढे निमुळती काढलेली आहे, म्हणजे पुराचं पाणी तिथे दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जातं. बांधणाऱ्यांना कृष्णा ठाऊक होती. आज वरच्या अंगाला धोमचं धरण आहे. ते भरून पाणी सोडलं की देवळाभोवती पाणी चढतं आणि आम्ही सगळे पुलावर जाऊन बघतो. तेव्हा नदीकाठचा फ्लॅट असेल तर बिल्डरचं रंगीत पत्रक बाजूला ठेवा आणि नगरपालिकेत जाऊन पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळीच्या आत काहीही घेऊ नका. लालच्या आत घ्यायचंच असेल तर वरचा मजला घ्या. डोंगरउतारावरच्या बंगल्याच्या प्लॉटांचाही मोह नको. २०२१ च्या जुलैत याच तालुक्यात देवरुखवाडीवर दरड आली, तो आठवडा मी विसरू शकत नाही.

रस्त्याचं सांगते. तीन वर्षांपूर्वी जोडून सुट्ट्या आल्या होत्या. यांचा पाय घाटाच्या शेवाळलेल्या पायरीवरून सरकला आणि मनगट मोडलं. एरवी दहा मिनिटांची वाट. त्या दिवशी महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली, आम्ही रिक्षात पाऊण तास बसून. ज्या दवाखान्यात पोचलो तिथे हाडांचे डॉक्टर रविवारी येत नाहीत, म्हणून शेवटी साताऱ्याला जावं लागलं. मनगट होतं म्हणून निभावलं. छातीत दुखत असतं तर, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. म्हणून तुम्ही दवाखान्याचं अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. रविवारी संध्याकाळी तिथवर जाऊन बघा. रात्री डॉक्टर हजर असतात का, ऑक्सिजन आहे का, सर्पदंशावरचं इंजेक्शन ठेवतात का, हे तोंडावर विचारा. विचारलं म्हणून कुणी रागावत नाही.

करमणुकीला तुम्ही ८ दिलेत, मी जास्त देईन. मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला असते, टिळक स्मारकाचं ग्रंथालय आहे, मराठी विश्वकोशाचं काम याच गावात झालं आणि वाचणारी माणसं इथे अजून आहेत. हिवाळा सरताना कृष्णाबाईचा उत्सव येतो. एकेका घाटाची पाळी, देवी मांडवात बसते, आळीतल्या बायका आठवडाभर कामात बुडालेल्या. रंगपंचमीला बावधन गावची बगाडाची यात्रा. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि घाट, तिथे मी पाहुण्यांना नेतेच.

पण करमणूक म्हणजे उत्सव नव्हे, साध्या मंगळवारची दुपार. आणि तुमच्या पत्रात मला इथेच अडखळायला झालं. वहिनींचा दमा पत्रात आहे, गुडघे आहेत, त्यांचा दिवस नाही. डोंबिवलीत चार वाजता त्या कुठे जातात? भजनी मंडळ आहे का, शेजारीण दार न वाजवता आत येते का? तुम्ही गर्दीला आणि धुळीला कंटाळलात, पण त्या कशाला कंटाळल्या आहेत, त्यांना विचारलंत का? मी इथे आले तेव्हा पहिलं वर्षभर मला दुपारी रडू यायचं. गाव चांगलं होतं, माणसं चांगली होती, पण माझं नाव घेऊन हाक मारणारं कुणी नव्हतं. मग समोरच्या काकूंनी वाती वळायला बोलावलं आणि हळूहळू मी इथली झाले. वहिनींना तेवढा वेळ लागेल, तो धरून चला.

तेव्हा फ्लॅटची बोलणी आत्ता थांबवा. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात या, हॉटेलात नको, महिनाभरासाठी एखादी जागा भाड्याने घ्या. शनिवार-रविवारी गर्दी बघा, मंगळवारी बाजारात जा, एक दिवस दोघांनी बसने साताऱ्याला जाऊन संध्याकाळी परत या. तो गुणांचा कागद आणा, पण या खेपेला रकाने वहिनींना भरू द्या. त्यांचे दम्याचे पंप दोन घ्या, एक पर्समध्ये आणि एक उशाशी. आणि घाटाच्या पायऱ्या उतरताना त्यांचा हात धरा, जुलैत तिथे शेवाळ असतं.