स्टिकी नोट्स डिस्कवर सापडेनात

प्रश्न: मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. टँकरचा हिशेब, कुणाचा मेंटेनन्स थकलाय, लिफ्टवाल्याचा नंबर, सगळं लॅपटॉपवर त्या पिवळ्या स्टिकी नोट्समध्ये आहे. विंडोज 10 फॉरमॅट करायचंय, दुकानातला पोरगा म्हणतो डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप कॉपी करून घ्या, बाकी उडणार. पण तिथे नोट्स नाहीतच, सर्च मारूनही काही येत नाही. मग त्या आहेत कुठे? - एक वाचक, कोथरूड

उत्तर: काका, नोट्स निघाल्याशिवाय लॅपटॉप त्या पोराच्या हातात देऊ नका. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून येणाऱ्या स्टिकी नोट्ससारख्या ॲप्सना विंडोज प्रत्येकी एक स्वतंत्र खोली देतं, ॲपचा सगळा पसारा त्या खोलीत, तुमच्या डॉक्युमेंट्सशी त्याचा काही संबंध नाही. बरेच जण प्रोग्रॅम फाइल्समध्ये शोधत बसतात, तिथे नुसतं ॲप असतं, डेटा नाही.

रस्ता असा: सी ड्राइव्ह, यूजर्स, तुमच्या नावाचं फोल्डर, ॲपडेटा (हे लपवलेलं असतं, वर व्ह्यू मेनूत हिडन आयटम्सवर टिक करा म्हणजे दिसेल), मग लोकल, मग पॅकेजेस. इथे लांबलचक नावांची ढीगभर फोल्डर्स दिसतील, घाबरू नका, ज्याच्या नावात मायक्रोसॉफ्टस्टिकीनोट्स आहे ते उघडा, पुढचं अगम्य शेपूट सोडून द्या, आत लोकलस्टेट आणि त्यात प्लम नावाची एसक्यूलाइट (म्हणजे डेटाबेस) फाइल, सगळ्या नोट्स त्या एकाच फाइलमध्ये. सर्चला सापडणार कशा, प्रत्येक नोटेची वेगळी फाइल नसतेच ना!

कॉपी करण्याआधी स्टिकी नोट्स पूर्ण बंद करा. प्लमच्या शेजारी त्याच नावाच्या, शेवटी डब्ल्यूएएल आणि एसएचएम असलेल्या दोन फाइल्स दिसल्या तर त्याही घ्या, कारण अगदी ताजं लिहिलेलं कधीकधी डब्ल्यूएएलमध्येच असतं आणि एकटी प्लम नेली तर नेमका कालचा टँकर गायब. मी तर म्हणेन सरळ आख्खं लोकलस्टेट पेन ड्राइव्हवर टाका. आणि 'ॲप काढून परत टाकू' असला सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ॲपबरोबर ती खोलीही जाते.

नवीन विंडोजवर ॲप एकदा उघडून बंद करा, तिथल्या लोकलस्टेटमध्ये या फाइल्स पेस्ट करा, रिप्लेस विचारलं की हो म्हणा. ॲपमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलेलं असेल तर नोट्स ऑनलाइन सिंक होतात, तरी पेन ड्राइव्हवरची कॉपी असू द्या.