शत्रुत्व असलेल्या देशाशी एकट्याने बोलण्यापेक्षा अनेक देशांनी मिळून वाटाघाटी करणं जास्त फायद्याचं असतं का? उत्तर कोरियाच्या बाबतीत ते का जमलं नाही?

फायदा होतो, पण आपल्या बाजूला बसलेल्यांचं आधी आपसात ठरलेलं असेल तरच. ऑगस्ट २००३ मध्ये बीजिंगला सहा देशांची बोलणी सुरू झाली तेव्हा तेच ठरलेलं नव्हतं. अमेरिकेला अण्वस्त्रं संपवायची होती. चीनला आपल्या सीमेलगतची राजवट कोसळायला नको होती. दक्षिण कोरियाला संबंध जोडायचे होते. जपानला उत्तर कोरियाने पळवून नेलेल्या आपल्या नागरिकांचा हिशेब हवा होता, आणि त्यापायी त्याने पुढे उत्तर कोरियाला मोबदल्यात द्यायच्या इंधन तेलातला आपला वाटा द्यायलाही नकार दिला. रशियाचा आवाज त्यात क्षीणच होता. समोरचा मात्र एकटा, त्यामुळे एकमुखी. त्याला या फटी दिसणारच.

माझ्या मते सगळ्यात महागात पडली ती वॉशिंग्टनमधलीच फट. १९ सप्टेंबर २००५ च्या संयुक्त निवेदनात उत्तर कोरियाने सगळी अण्वस्त्रं सोडायचं कबूल केलं. नेमक्या त्याच सुमारास अमेरिकेच्या अर्थखात्याने मकावच्या बँको डेल्टा आशिया या बँकेवर काळ्या व्यवहारांचा ठपका ठेवला आणि उत्तर कोरियाचे सुमारे अडीच कोटी डॉलर तिथे गोठले. रक्कम किरकोळ, पण हा घाव वर्मी लागला, कारण इतर बँकाही उत्तर कोरियापासून दूर पळू लागल्या. प्याँगयाँगने बोलण्यांवर बहिष्कार टाकला आणि ९ ऑक्टोबर २००६ ला पहिली अणुचाचणी केली. दबाव आणला यात मला काही गैर वाटत नाही. पण तो कशाच्या बदल्यात उठवायचा, हे बोलणी करणाऱ्यांच्या हातात नव्हतं. पुढे पैसे परत करायचं ठरलं, तर ते हाताळायला बँक मिळेना! शेवटी जून २००७ मध्ये न्यूयॉर्कची फेडरल रिझर्व्ह बँक आणि रशिया यांच्यामार्फत ते पोहोचते केले.

आणखी एक गोष्ट. अणुभट्टी बंद करायची आणि त्याबदल्यात इंधन तेल द्यायचं, या फेब्रुवारी २००७ च्या कराराचा पाया जानेवारीत बर्लिनमध्ये घातला गेला, अमेरिकेचे ख्रिस्तोफर हिल आणि उत्तर कोरियाचे किम के-ग्वान यांच्या भेटीत. म्हणजे सौदा दोघांतच झाला. सहा जणांच्या बैठकीचा उपयोग साक्षीदार जमवायला आणि खर्च वाटून घ्यायला. हे आधीच ओळखलं असतं, तर तीन वर्षं वाया गेली नसती.

शेवटचा घोळ पडताळणीचा. अणुसाठ्याची तपासणी कशी करायची याबद्दल उत्तर कोरियाने तोंडी होकार दिला, आणि तेवढ्यावर ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेने त्याला दहशतवादाला पाठबळ देणाऱ्या देशांच्या यादीतून काढून टाकलं. तोंडी बोलीवर सातबारा नावावर करून देण्यासारखंच हे. डिसेंबरमध्ये तेच कागदावर मागितलं, तर साफ नकार आला. एप्रिल २००९ मध्ये उत्तर कोरिया बोलण्यांतून बाहेर पडला, मे महिन्यात दुसरी चाचणी झाली.

तरीही ती बोलणी फुकट गेली असं मी म्हणणार नाही. जुलै २००७ मध्ये योंगब्योन या उत्तर कोरियाच्या अणुकेंद्रातली अणुभट्टी बंद झाली, आंतरराष्ट्रीय निरीक्षक आत गेले, आणि २००९ मध्ये त्यांना हाकलेपर्यंत तिथे अणुबॉम्बसाठी लागणारं प्लुटोनियम वेगळं काढण्याचं काम बहुतांश थांबलेलं होतं.